आकाशातील तात्पुरती कुंपणे



परगावचा पाहुणा चुकून भलत्याच वाड्यात शिरला, तर घरधनी त्याला पाणी देतो आणि वाट दाखवतो. वाट चुकणे हा आपल्याकडे गुन्हा मानीत नाहीत. परंतु हीच चूक आकाशात घडली तर काय होते, आणि त्या चुकीचे माप कोणत्या पायलीने घ्यावे, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. उदाहरणे अमेरिकेतील आहेत. कारण हौसेने किंवा स्वतःच्या कामासाठी छोटे विमान चालवणारे खाजगी वैमानिक त्या देशात फार मोठ्या संख्येने आहेत. प्रश्न मात्र नागरिक आणि सरकार यांच्यातील नात्याचा असल्यामुळे तो सर्वांचाच आहे.

आकाशाला कुंपण कसले, असे कोणी विचारील. काही कुंपणे कायमची असतात व ती वैमानिकांच्या नकाशावर छापलेली असतात. आमचा विषय आहे तो तात्पुरत्या कुंपणांचा. कोठे वणवा पेटला, मोठ्या मैदानात सामना भरला, अथवा राष्ट्राध्यक्ष एखाद्या गावी मुक्कामास गेले, की तेवढ्या काळापुरते तेथील आकाश बंद होते. राष्ट्राध्यक्षांसाठी सामान्यतः दोन वर्तुळे आखतात. आतले 10 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटर त्रिज्येचे. त्यात खाजगी विमानाला जवळजवळ मज्जावच. बाहेरचे 30 सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे 55 किलोमीटरांचे. त्यात जावयाचे तर उड्डाणाचा बेत आधी कळवावा लागतो, विमानाला नेमून दिलेला चार आकडी संकेत यंत्राने सतत पाठवावा लागतो आणि नियंत्रकाशी रेडिओवर संभाषण चालू ठेवावे लागते. राष्ट्राध्यक्ष निघाले की वर्तुळेही त्यांच्याबरोबर निघतात. काल मोकळे असलेले आकाश आज बंद, आणि उद्या पुन्हा मोकळे!

आता वैमानिकाच्या बाजूने पाहा. खाली शेते, नद्या, रस्ते दिसतात; कुंपण कोठेच दिसत नाही. नजरेने वाट काढणाऱ्या वैमानिकांचे छापील नकाशे दर 56 दिवसांनी नवे निघतात. दोन दिवसांचे कुंपण त्यांवर कसे उमटणार? ते कळते ‘नोटॅम’ नावाच्या सूचनेतून, आणि तीही मधेच बदलू शकते. सेस्ना 172 सारखे साधे विमान ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे बाहेरच्या वर्तुळाच्या कडेपासून मध्यापर्यंत पोहोचावयास त्याला जेमतेम सतरा मिनिटे लागतात.

याच सतरा मिनिटांकडे रक्षकाच्या बाजूने पाहिले म्हणजे त्याचीही अडचण कळते. समोरून येणारा चुकलेला आहे की वैरी आहे, हे विमानाच्या पाठीवर लिहिलेले नसते. 2001 च्या सप्टेंबरात विमानांचाच शस्त्र म्हणून उपयोग झालेला त्याने पाहिला आहे. म्हणून लढाऊ विमान वर पाठवले जाते. ते साधारणपणे डाव्या अंगाने पुढे येते आणि पंख हेलकावते. त्याचा अर्थ, ‘तुला अडवले आहे, माझ्यामागून ये.’ अडवलेल्यानेही पंख हेलकावून होकार द्यावयाचा, 121.5 या आणीबाणीच्या लहरीवर बोलावयाचे आणि सांगितल्या वाटेने जावयाचे. 5 जुलै 2025 रोजी न्यू जर्सीतील बेडमिन्स्टर येथे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा मुक्काम असताना असेच एक खाजगी विमान वर्तुळात शिरले. वैमानिकाचे लक्ष वेधण्यासाठी एफ-16 विमानाला त्याच्या समोरून आडवे जावे लागले.

सर्वांत गाजलेला प्रसंग 11 मे 2005 चा. पेनसिल्व्हेनियातील स्मोकटाउन येथून एक वैमानिक व त्याच्याबरोबर एक शिकाऊ असे दोघे, सेस्ना 150 या दोन आसनी विमानातून, नॉर्थ कॅरोलिनातील विमानांच्या एका जत्रेला निघाले होते. वाटेत ते वॉशिंग्टनभोवतालच्या बंद आकाशात शिरले आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून सुमारे तीन मैलांवर येऊन ठेपले. व्हाइट हाउस आणि संसदभवन रिकामे करण्यात आले. माणसे अक्षरशः धावत सुटली. लढाऊ विमानांनी इशाऱ्याचे जळते प्रकाशगोळे सोडले. अखेर मेरीलँडमधील फ्रेडरिक येथे ते विमान उतरवण्यात आले. दोघांच्या मनात काही काळेबेरे नव्हते. परंतु निघण्यापूर्वी पाहावयाच्या सूचना पाहिल्या नाहीत, असा ठपका ठेवून जबाबदार वैमानिकाचा परवाना रद्द करण्यात आला. हत्यार चालले नाही, हे सर्वांचेच सुदैव.

आणि एक ध्यानात घ्यावे. ते कुंपणही आरंभी तात्पुरते म्हणूनच घातले होते; 2009 साली ते कायमचे झाले. तात्पुरत्या बंदीचे मूळ असे खोल जाते, म्हणून नागरिकाने तिच्याविषयी जागरूक असले पाहिजे.

तथापि बंदी म्हणजे केवळ सत्तेचा डामडौल, असेही कोणी समजू नये. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळ वणवा भडकला असता बंद केलेल्या आकाशात एक हौशी ड्रोन शिरले आणि पाणी टाकणाऱ्या विमानावर आदळले. पंखाला भोक पडले. आग धुमसत असता ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसून राहिले. एकाच्या हौसेची किंमत ज्यांची घरे जळत होती त्यांनी दिली.

मग दोष कोणाचा? अमेरिकेचा कायदा सांगतो की, उड्डाणासंबंधी उपलब्ध असलेली सर्व माहिती वैमानिकाने आधी करून घ्यावी. नियम रास्त आहे. परंतु ‘सर्व माहिती’ म्हणजे किती? 7 जुलै 2017 रोजी टोरांटोहून आलेले एक प्रवासी विमान सॅन फ्रान्सिस्कोला रात्री उतरताना धावपट्टी सोडून, चार विमाने उभी होती त्या बाजूच्या मार्गावर उतरू लागले आणि ऐन वेळी वर उचलले गेले म्हणून अनर्थ टळला. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना त्यांच्या कागदांत होती. 27 पानांच्या चळतीत, आठव्या पानावर! पगारी, अनुभवी वैमानिकांची ही गत, तर रविवारी हौसेने उडणाऱ्याची काय कथा? कचेरीच्या फळ्यावर चिकटवलेल्या जाहिरातींचा अनुभव आपणांसही आहे. सूचना लावली, एवढ्याने ती पोहोचली असे होत नाही.

आमचे म्हणणे असे आहे की, येथे कर्तव्य दोघांचे आहे. सूचना थोडक्यात, सरळ भाषेत आणि महत्त्वाचे आधी अशा रीतीने देणे, हे सरकारचे. निघण्याच्या घटकेला ती पुन्हा पाहणे, वाटेत नियंत्रकाशी बोलत राहणे आणि शंका येताच विचारणे, हे वैमानिकाचे. विचारण्यात कमीपणा नाही. त्याच्या विमानात बसलेल्यांचे प्राण त्या एका प्रश्नावर अवलंबून असू शकतात.

चुकल्यावर काय करावे, याचीही एक शहाणी रीत त्या देशात आहे. 1976 पासून ‘नासा’ ही संस्था वैमानिकांकडून त्यांच्या चुकांचे वृत्तांत घेते. दंड करणारे खाते निराळे आणि वृत्तांत घेणारे निराळे. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांच्या आत कळवली, अपघात वा गुन्हा घडलेला नसला आणि मागील पाच वर्षांत नियमभंग झालेला नसला, तर नियमभंगाची नोंद राहते, पण परवाना निलंबित करण्याची शिक्षा माफ होते. कळवणाऱ्याचे नाव काढून टाकतात आणि मजकूर इतरांना शिकण्यासाठी ठेवतात. दहा जण एकाच ठिकाणी चुकले असे त्यातून दिसले, तर दोष दहा जणांत आहे की सूचनेत, हे शोधता येते. भीतीने गप्प बसलेल्या माणसाकडून हे कधीच कळले नसते.

चुकलेल्याला आणि वैऱ्याला एकाच मापाने मोजणारे राज्य फार काळ सुरक्षित राहत नाही. कारण मग लोक चुका लपवू लागतात. आणि ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर मोकळा होऊ पाहणारा नागरिकही राज्याला सुरक्षित ठेवू शकत नाही. कुंपण घालणाऱ्याने ते दिसेल असे करावे आणि वाटसरूने डोळे उघडे ठेवावे, एवढेच आमचे मागणे आहे.