तेल बदलण्याआधी



भोसरी असो, सातपूर असो,
कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसचा सगळा जोर
तेलच वाहून नेतं.
म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे.
तेल बदलण्याआधी, तेल तपासा.

काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं तेल घ्या.
उजेडात धरा.
दुधाळ दिसलं, तर बहुधा पाणी शिरलंय.
काळपट झालंय, करपट वास येतोय?
मग ते फार तापत असणार.

पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.
साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण
आपल्याला दिसतच नाहीत.
आणि पंप, व्हॉल्व्ह झिजवतात
ते बहुतेक त्याहून बारीक!
त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.
तिथे कण मोजतात,
पाणी, दाटपणा आणि आम्लता पाहतात.

खरी गडबड होते ती नमुना घेताना.
बंद मशीनच्या टाकीच्या तळातून काढलं,
तर हाती गाळच येणार.
मशीन चालू हवं, तेल गरम हवं.
परतीच्या लाइनवर, फिल्टरच्या आधी कॉक बसवून घ्या.
दाबाच्या लाइनला मात्र हात लावू नका.
पहिलं थोडं तेल वाहू द्या,
मग बाटली भरा.
दर वेळी जागा तीच ठेवा.
नाहीतर मागच्या अहवालाशी तुलना कशी करणार?

आणि हो, सीलबंद पिंपातलं नवं तेलही
पुरेसं स्वच्छ असेलच असं नाही.
तेही गाळूनच टाकीत सोडा.

पुन्हा सांगते.
तेल बदलण्याआधी, तेल तपासा.
बाटलीवर मशीनचा नंबर, तारीख
आणि तेल किती तास चाललं,
एवढं लगेच लिहून ठेवा.