भिंतीवर नाव कोणाचं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचच्या निधीतून शाळेच्या कुंपणाची भिंत वारली चित्रांनी रंगवायची आणि त्या दिवशी परिसरातल्या दिव्यांग मुलांना पाहुणे म्हणून बोलवायचं, असं समितीने ठरवलं आहे. हेतू चांगला आहे, वर्गणी मीही दिली आहे. पण भिंतीला गेरू लागण्याआधी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली जिव्या सोमा म्हसे यांची. जन्म १९३४ चा, आपल्या तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच थांबलं. ते धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगत. पुढे ते डहाणूतल्या गंजाडला आले. तोवर वारली चित्र म्हणजे लग्नाचा चौक, आणि तो काढायचा मान सवाशिणींचा. जिव्या मात्र लग्न नसतानाही रोज चित्रं काढायचे. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन आले, तेव्हा त्यांना हा माणूस दिसला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. दोन कलावंत, दोघांचीही नावं. कोणी कोणावर उपकार केले नव्हते.

जिव्यांच्या त्या मौनाला आजच्या वैद्यकातलं एखादं नाव चिकटवायचा मला अधिकार नाही. मला एवढंच दिसतं की कुलकर्णींनी त्यांना आधी बोलतं करायचा घाट घातला नाही. त्यांनी कागद दिला आणि चित्राखाली चित्रकाराचं नाव राहू दिलं. आज कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आपल्याकडची चित्रं दिसतात. त्यातल्या किती चित्रांखाली नाव असतं?

दुसरी गोष्ट आपल्या नववीतली. वर्गात वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता. त्याचं नाव घेत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. मोठ्याने वाचायची पाळी आली की त्याला ओळ सापडायची नाही, आणि आपण हसायचो. पण जास्वंदीचा उभा छेद तो असा काढायचा की पाकळीवरची शीर न शीर दिसायची. माझ्या विज्ञानाच्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या त्याने काढल्या. मोबदला, आकृतीमागे एक लिमलेटची गोळी. बाईंनी माझं जर्नल वर्गात फिरवलं, शाबासकी दिली. तो मागच्या बाकावर बसून बघत होता. मी गप्प राहिले. त्या वर्षी तो नापास झाला आणि पुन्हा शाळेत दिसला नाही.

बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, त्या आकृत्या माझ्या नव्हत्या.

माझ्या कामात प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी लिहिली याची नोंद आपोआप राहते. जर्नलमध्ये ती मी ठेवायला हवी होती.

अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आपण शाळेत असतानाच झाला. त्यात सात प्रकार होते. वाचनाची अडचण त्यात नव्हती, स्वमग्नताही नव्हती. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात या दोन्ही आहेत. म्हणजे तेव्हा आपल्याकडे शब्द नव्हता. आज तो आहे, त्यामुळे आज ती सबब चालणार नाही.

वारली चित्राची भिंत एकट्याची नसतेच. कोणी भिंत सारवतं, कोणी तांदळाचं पीठ कालवतं, कोणी काडीचं टोक ठेचून कुंचला करतं, कोणी रेषा ओढतं. प्रत्येकाला जमेल ते काम तिथे असतं. म्हणून माझं म्हणणं असं की दिव्यांग कलाकारांना पाहुणे म्हणून बोलवू नका, चित्रकार म्हणून बोलवा. दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराला देऊ तोच दर द्या, आणि तो त्यांच्याच खात्यात जमा करा. ठरलेलं सगळं त्यांना वाचून दाखवा, न समजल्यास चित्र काढून दाखवा. कोणाला काय लागतं ते आधी विचारा. एखाद्याला गर्दी सोसत नाही, त्याने घरी फळीवर काढावं, आपण ती फळी भिंतीत बसवू. चाकाच्या खुर्चीवरून हात पोचेल अशी खालची पट्टी मोकळी ठेवा. दोन दिवसांत भिंत संपलीच पाहिजे असा आग्रह नको. व्यासपीठावर उभं करून कोणाला बोलायला लावू नका. आणि कोपऱ्यात प्रत्येकाचं नाव लिहा, त्याची हरकत नसेल तर. आपल्या बॅचचं नाव त्याखाली, बारीक अक्षरात.

यात खर्च वाढेल. वाढलेला माझा वाटा मी देईन, पण हा प्रश्न एकटीने सोडवण्यासारखा नाही. म्हणून जेवणाआधी हात वर करून निर्णय घ्यावा, अशी विनंती आहे.

येत्या रविवारी मी तलासरीला त्याला शोधायला जाणार आहे. तो अजून चित्रं काढतो की नाही, मला माहीत नाही. नाही म्हणाला तर तेही त्याचंच. जर्नल मी जपून ठेवलं आहे, ते घेऊन जाते. त्याचा पाडा कोणाला आठवत असेल, तर जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा.