रक्तातील चरबी आणि गुठळीचा बंदोबस्त



आम्ही पेशाने बँकेतील कारकून, शिक्षणाने कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही हा विषय निवडला, कारण 'कोलेस्टेरॉल नॉर्मल होते, मग ऐन उमेदीत झटका कसा आला?' हा प्रश्न अनेक घरांतून ऐकू येतो.

जखम झाली की फायब्रिन नावाच्या तंतूंचे जाळे विणले जाते आणि रक्तस्राव थांबतो. पण हे जाळे कायम राहून चालत नाही. म्हणून रक्तात प्लास्मिनोजेन नावाचे प्रथिन असते. ते जाळ्याला चिकटते, त्याचे प्लास्मिन बनते व प्लास्मिन ते तंतू तोडते. गोठणे आणि विरघळणे यांचा हा जमाखर्च जुळला, तरच रक्तवाहिनी मोकळी राहते.

आता चरबीकडे वळू. चरबी प्रथिनांच्या वेष्टनातून रक्तात वाहून नेली जाते. १९६३ साली नॉर्वेचे शास्त्रज्ञ कोरे बर्ग यांनी अशा कणांचा एक निराळा प्रकार नोंदवला. त्याचे नाव लिपोप्रोटीन (ए). एलडीएलसारख्या कणाला एक जादा प्रथिन जोडले की हा कण होतो. १९८७ साली त्या जादा प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा ती प्लास्मिनोजेनशी विलक्षण मिळतीजुळती निघाली. मात्र गुठळी विरघळवण्याची शक्ती त्यात नाही. खोटी नोट खरीसारखी दिसते, पण तिने व्यवहार होत नाही, तसेच हे! प्रयोगशाळेत हे प्रथिन फायब्रिनवरील प्लास्मिनोजेनची जागा अडवताना दिसले. जिवंत शरीरात हा अडथळा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु हे कण जास्त असले की हृदयविकाराचा धोका वाढतो, हे सिद्ध झाले आहे.

हे प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून येते. आहार-व्यायामाने फारसे बदलत नाही. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते सहसा मोजले जात नाही. वेगळी तपासणी करावी लागते, आणि ती बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते.

म्हणून ज्या घरात कमी वयात झटका आला असेल, तेथील मुलांनी डॉक्टरांना या तपासणीविषयी विचारावे. प्रमाण जास्त निघाले तरी खचू नये. वारसा बदलता येत नाही. तंबाखू सोडता येते, रक्तदाब, मधुमेह व एलडीएल आटोक्यात ठेवता येतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि बंदही करू नयेत.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबा, काका, मामा, आत्या यांना कोणते आजार कोणत्या वयात झाले, हे घरी विचारून वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ती वही उपयोगी पडेल.