पेठेत बसायला जागा



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावे, अशी रीत आहे. जांबोटीतल्या या संमेलनात मी आज बाजारपेठेवर बोलणार आहे. विषय बदललेला नाही. कर्नाटकातल्या या सीमाभागात मराठी जिथे रोज वापरात आहे अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत, आणि त्यांत घरानंतरचा नंबर पेठेचा लागतो. कचेरीत अर्ज कन्नडमधून द्यावा लागतो. शाळांचे पट कमी होत आहेत. पण तालेवाडी-आमगावकडची बाई करवंदांची पाटी घेऊन जांबोटीच्या नाक्यावर बसते, तेव्हा गोव्याचा ड्रायव्हर तिच्याशी कोंकणीत घासाघीस करतो, शेजारचा व्यापारी कन्नडमधून सुटे पैसे मागतो आणि ती दोघांनाही आपल्या मराठीत उत्तर देते. ती कुणावर रागावत नाही आणि आपली भाषाही सोडत नाही. भाषेच्या धोरणावरचे इतके शहाणे वागणे मी एकाही परिसंवादात पाहिलेले नाही.

म्हणून पेठ ओस पडली की मला भाषेची काळजी वाटू लागते.

पेठा ओस पडतात, आणि त्यासाठी फार लांबचे उदाहरण शोधायला नको. आपल्याच तालुक्यातले नंदगड घ्या. नंदगड म्हटले की इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची फाशी आठवते, ते योग्यच आहे. पण त्या काळी आणि नंतरही बराच काळ नंदगड ही खानापूर तालुक्यातली सर्वांत मोठी व्यापारी पेठ होती. गोव्याकडून मीठ, नारळ, खोबरेल, सुपारी, खजूर, मसाले घाट चढून येत आणि घाटावरचा गहू व इतर धान्य खाली जाई. ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या व्यापाराची नोंद आहे. 1880 च्या दशकात लोंढ्यावरून मुरगावला जाणारी आगगाडी सुरू झाली. रूळ खानापुरावरून गेले, नंदगड बाजूला राहिले. बैलांच्या तांड्यांनी येणारा माल हळूहळू वाघिणींतून जाऊ लागला. नंदगडच्या लोकांचा यात काय दोष होता? रस्ता कुठून जायचा हे दुसरीकडे ठरले, आणि परिणाम पेठेला भोगावे लागले.

जांबोटीच्या पुढ्यात आज असाच रस्ता आहे. बेळगावहून तीसेक किलोमीटरवर हे गाव, आणि इथून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. दिवसरात्र गाड्या धावतात. वाहतूक वाढली म्हणून गावाचे भले होईल, असे आपण गृहीत धरतो. थांबणाऱ्या गाडीने गावाचे भले होते. नुसती पुढून निघून जाणारी गाडी धूळ उडवते आणि शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडू देत नाही. महामार्गावरच्या निपाणीचे लोक हे चांगले जाणतात. महामार्ग रुंद होतो, उड्डाणपूल येतात, आणि मग पेठेला स्वतःकडे माणूस बोलवायला स्वतःचेच काहीतरी लागते.

हे 'स्वतःचे काहीतरी' कोणी उभे करायचे? ग्रामपंचायतीने, पट्टण पंचायतीने, नगरपालिकेने. इथे मला राज्यघटनेकडे बोट दाखवायचे आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय तिच्यात आहेत. विसावा विषय ग्रंथालये. एकविसावा सांस्कृतिक कार्य. बाविसावा बाजार आणि जत्रा. हे तिन्ही एकापाठोपाठ एक येतात, आणि ते वाचताना मला दरवेळी आनंद होतो. पेठ, वाचनालय आणि संमेलन ही एकाच पंचायतीच्या अंगणातली कामे आहेत, हे त्या यादीतच दिसते.

प्रत्यक्षात काय घडते? निधी आला की पहिल्यांदा कमान उभी राहते. मग पेव्हर ब्लॉक. मग गाळे. गाळ्यांचा लिलाव होतो, अनामत परवडेल तोच गाळा घेतो, आणि आठवड्यातून एकदा डोक्यावर पाटी घेऊन येणारा माणूस त्या गाळ्यांच्या पायरीवरूनही हटवला जातो. बाजारकराची वसुली ठेकेदाराला दिलेली असते. पावती फाडणारा सकाळी बरोबर वेळेवर येतो. त्या पावतीच्या बदल्यात विकणाऱ्याला सावली, पाणी, झाडलेली जागा मिळते का, असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

एका बाजारात एका बाईजवळ बसून मी रताळी घेत होते. वैशाखातली दुपार, तिच्या डोक्यावर पदराखेरीज काही नव्हते. माझ्याकडची पाण्याची बाटली मी पुढे केली. तिने हातात घेतली, आणि न पिताच परत दिली. म्हणाली, "पाणी पिऊन जायाचं कुठं, ताई?" ती पहाटे घरातून निघाली होती आणि दिवे लागल्यावर पोचणार होती. त्या बाजाराला कमान होती. ग्रॅनाइटची.

पेठेच्या पुनरुज्जीवनाचा आराखडा करायला सल्लागार नेमतात. माझे म्हणणे एवढेच आहे की आराखड्याचे पहिले पान या बाईच्या वाक्याने सुरू झाले पाहिजे. तिला स्वच्छतागृह मिळाले तर ती तासभर जास्त बसेल. ती जास्त बसली तर गिऱ्हाईक संध्याकाळीही येईल. गिऱ्हाईक आले तर चहावाला, शिंपी, सायकलवाला, पुस्तकवाला टिकेल. पेठ अशी खालून भरत जाते.

शहरी भागात तर कायदाही तिच्या बाजूने आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगरात विक्रेता समिती असावी लागते. तिच्यातले 40 टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका. परंपरेने भरत आलेल्या बाजाराची 'नैसर्गिक बाजार' म्हणून दखल घ्यावी, असेही तो कायदा सांगतो. खानापूर आणि निपाणीच्या कारभाऱ्यांनी या समित्यांच्या बैठका नेमाने आणि उघडपणे घ्याव्यात, अशी मी इथून विनंती करते. गावपातळीला हा कायदा लागू नाही. पण ग्रामसभेने तसाच ठराव करायला कोणाची आडकाठी आहे?

बेळगाव 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत निवडले गेले. रस्ते खोदले, रस्ते झाले. टिळकवाडीतल्या जुन्या कलामंदिराच्या जागी बहुउद्देशीय संकुल आले. त्याच बेळगावात, भर बाजारात, गणपत गल्लीत 1848 सालचे सार्वजनिक वाचनालय आहे. पावणेदोनशे वर्षे लोक भाजी घेता घेता तिथे वर्तमानपत्र वाचत आले. शहराचा मध्य जिवंत ठेवणे म्हणजे काय, याचा धडा मला त्या वाचनालयात जास्त मिळतो.

बाहेरचेही पाहू. ब्रिटनमध्ये 2011 साली मेरी पोर्टस यांचा बाजाररस्त्यांवरचा अहवाल आला, दुसऱ्या वर्षी 12 गावांना प्रत्येकी सुमारे एक लाख पौंड मिळाले. गाजावाजा झाला, पण त्यांतल्या बऱ्याच गावांत दुकाने मिटतच राहिली. याउलट वेल्समधल्या हे-ऑन-वाय या छोट्या गावात 1960 च्या दशकात रिचर्ड बूथ यांनी जुन्या पुस्तकांची दुकाने थाटली, आणि जगभरातले वाचक तिथे जाऊ लागले. त्यावरूनच महाराष्ट्राने 4 मे 2017 रोजी पाचगणीजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव केले. आरंभी 25 ठिकाणी मिळून सुमारे 15 हजार पुस्तके होती, तीही बरीचशी लोकांच्या घरांत. घाटाखालचे वेंगुर्ले पाहा. तिथल्या नगरपालिकेने ओला-सुका कचरा काटेकोर वेगळा करून कचरा डेपोचीच बाग केली, आणि लोक ती बघायला येऊ लागले. ही कामे चिकाटीने झाली. जांबोटीला भिलारची नक्कल करायची गरज नाही. इथे मलप्रभेच्या उगमाचा प्रदेश आहे, हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती आहे, काजू, फणस, नाचणी आणि जंगलातला रानमेवा आहे. गाडीवाल्याला थांबायला ही कारणे पुष्कळ झाली. थांबल्यावर उभे राहायला जागा आणि बसायला कट्टा हवा.

लेखकांचा यात काय संबंध, असे कुणाच्या मनात आले असेल, तर निपाणीच्या महादेव मोरे यांचे नाव घेते. गॅरेज, टॅक्सी आणि पुढे पिठाची गिरणी हा त्यांचा चरितार्थ होता. 2024 मध्ये ते गेले. दळण आणणाऱ्या बाया, ड्रायव्हर, विडी-तंबाखूच्या वखारीत राबणारी माणसे त्यांच्या कथांत आली, कारण ती रोज त्यांच्या दारात येत होती. मराठी साहित्यात तळातल्या माणसाचे जे बोलणे आले त्यातला मोठा वाटा अशा पेठांचा आहे. पेठेच्या जागी नुसते संकुल उरले आणि माणसे मोबाइलवरून माल मागवू लागली, तर पुढचा महादेव मोरे कुणाचे बोलणे ऐकणार?

1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला. हा भाग त्या महाराष्ट्राबाहेर राहिल्याची जखम आपण अजून वागवतो आहोत आणि तो लढा आपला आहेच. पण सीमाभागाच्या संमेलनांनी दरवर्षी एवढाच ठराव करून थांबावे असे मला वाटत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कारदगा इथली संमेलने गावांत भरतात, हे त्यांचे बळ आहे. गावात भरणाऱ्या संमेलनाने गावाचा एक ठराव करावा.

तो मी इथे मांडते. बाजारकराच्या वसुलीतला ठरावीक वाटा बाजारातच खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. त्यातून प्रथम बायकांसाठी पाणी असलेले, कुलूप न लावलेले स्वच्छतागृह व्हावे. खाली बसून विकणाऱ्यांसाठी छपराचा कट्टा व्हावा, आणि त्यावरच्या जागा लिलावाशिवाय, येईल त्याला मिळाव्यात. आणि पंचायतीचे वाचनालय, ज्याला कर्नाटकात आता अरिवु केंद्र म्हणतात, बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडे राहावे, त्यात कन्नडबरोबर मराठी पुस्तके आणि मराठी वर्तमानपत्र असावे. पहिली पन्नास पुस्तके मी देते. ठरावाला अनुमोदन आपण द्यावे, आणि येत्या ग्रामसभेला इथे बसलेल्या प्रत्येकाने, विशेषतः बायकांनी, हजर राहावे, ही माझी हात जोडून विनंती आहे.