टर्म संपताना

अमरावती-अकोल्याची मुलं मला विचारतात, परदेशातला अभ्यास झेपेल का? अभ्यास झेपतो. कस लागतो तो टर्मच्या शेवटी.

२०१८मध्ये मी इंग्लंडमध्ये एमएस्सी करत होतो. त्या वर्षी रमजान मेच्या मध्यावर, ऐन परीक्षेत आला. आपल्याकडे मेमध्ये ऊन जाळतं, पण रोजा पंधरा तासांच्या आत सुटतो. तिथे हवा थंड, पण सूर्य मावळायचा रात्री नऊनंतर. रोजा जवळपास अठरा तासांचा. इफ्तार, तरावीह, सहरी यांतच रात्र संपायची. पेपरच्या दिवशी कुणी रोजा धरला, कुणी नंतर कजा केला. कुणी कुणाला हिशेब मागितला नाही. ही समज इथेही हवी.

दुसरी गोष्ट पैशांची. स्टुडंट व्हिसावर टर्ममध्ये आठवड्याला २० तासच काम करता येतं. मेमध्ये वर्ग संपले, तरी एमएस्सीचा प्रबंध सप्टेंबरपर्यंत चालतो आणि तोवर मर्यादा तीच राहते. उन्हाळ्यात कमवू, या भरवशावर कर्ज काढू नका. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जाचं व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३पासून बंद झाली. म्हणजे शिकत असतानाचं व्याजही आता घरावरच.

म्हणून जायच्या आधी अब्बा-अम्मींसोबत बसून कागदावर हिशेब मांडा. बहिणीला जायचं असेल, तर तिचाही मांडा. मग जरूर जा.