लंका : रुळांवरून पाहिलेली
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही श्रीलंकेला जाऊन आल्यापासून आपल्यापैकी प्रत्येकाने मला दोनच प्रश्न विचारले आहेत. पहिला, "अशोकवन पाहिले का?" आणि दुसरा, "खाण्याचे हाल झाले का?" आपले कार्यवाह म्हणाले, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगून टाका. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्याशीच संसार केला. तेव्हा भाषणात अलंकार शोधू नका.

अशोकवन पाहिले. नुवारा एलियाजवळ सीता एलिया या गावी ओढ्याकाठी सीतेचे देऊळ आहे. खडकावरचे खळगे मारुतीची पावले म्हणून दाखवतात. आपल्याकडचे बरेच ग्रुप स्वयंपाकी बरोबर घेऊन जातात, अशी चार ठिकाणे पाहतात, साबुदाण्याची खिचडी खातात आणि परत येतात. हे म्हणजे कर्जतला वडा खाऊन पुणे पाहिले म्हणण्यासारखे झाले. राग मानू नका, पण मला तसे वाटले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी, सौ. आणि कॉलेजात जाणारी कन्या असे तिघे गेलो. चेन्नईहून कोलंबो विमानाने दीड तासाच्या आत. गर्दीच्या वेळी तांबरमहून पेरांबूरला यायला याहून जास्त वेळ लागतो. पूर्वी हाच प्रवास 'बोट मेल'ने व्हायचा. एग्मोरला गाडीत बसायचे, धनुष्कोडीला उतरून आगबोटीने तलाईमन्नार गाठायचे आणि तिथून पुन्हा गाडीने कोलंबो. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि ही सोय सुरू झाली. ती १९६४ साली कशी संपली ते पुढे सांगतो.

आपला पास तिथे चालत नाही. इतक्या वर्षांनी मी खिडकीसमोर रांगेत उभा राहून रोख पैशाने तिकीट काढले, याचा सौ.ला कोण आनंद! कोलंबो फोर्टच्या फलाटावर गेलो तर समोर आपल्या पेरांबूरच्या आयसीएफमध्ये तयार झालेला डेमू उभा. वाराणसीची इंजिनेही तिथे धावतात. गेज आपलेच, पाच फूट सहा इंच. माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

सिंहली भाषेत रेल्वेला 'दुम्रिय' म्हणतात. दुम म्हणजे धूर, आपला धूम, आणि रिय म्हणजे रथ. धूररथ! सिंहली ही आपल्या मराठीच्याच कुळातली भाषा आहे, हे गावांच्या पाट्या वाचताना आणि आकडे ऐकताना पटते. कुठल्याही नदीला ते 'गंगा' म्हणतात. आभार मानायचे तर 'इस्तुती', म्हणजे आपली स्तुती.

कोलंबोहून कॅन्डीपर्यंत रेल्वे १८६७ साली पोहोचली. वाटेत कडुगन्नावाचा घाट आहे. बोरघाटात आपला चढ ३७ ला १, इथे ४४ ला १. म्हणजे चढ थोडा सौम्य, पण खरी गंमत वळणांची. पुढच्या डोंगरात पाच साखळ्या त्रिज्येची, म्हणजे जेमतेम शंभर मीटरची वळणे आहेत. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्या ठेवत नाहीत, हे माझ्या पी.वे.च्या बंधूंना ठाऊक आहे. मी दारात उभा राहून रुळांकडेच बघत होतो. सौ. म्हणाली, "बाहेर चहाचे मळे आहेत, ते बघा."

मळे सुंदर आहेतच. त्यांबद्दल पुस्तकांत खूप लिहिलेले आहे. मला मळ्यांपेक्षा माणसांबद्दल सांगायचे आहे. आमच्या डब्यात हॅटनला एक चहा खुडणाऱ्या बाई बसल्या. माझे तामिळ कसे आहे ते आपण जाणताच, पण तिथे ते फार उपयोगी पडले. त्यांच्या पणजोबांना इंग्रजांच्या काळात तिरुचीकडून इथे आणले होते. कंत्राटी मजूर म्हणून लाखो माणसे अशी नेली गेली. १९४८ साली लंका स्वतंत्र झाली आणि यातल्या बहुतेकांना नागरिकत्वच नाकारले गेले. पुढे १९६४ साली शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला आणि काही लाखांना भारतात पाठवायचे ठरले. बाईंचे काका असे निलगिरीत आले, वडील तिथेच राहिले. मी विचारले, "तुमचे गाव कोणते?" त्या म्हणाल्या, "ते म्हणतात तिरुची, मी म्हणते हॅटन." माझी कन्या चेन्नईत जन्मली, साताऱ्याला फक्त सुट्टीत जाते. ती हे लक्ष देऊन ऐकत होती.

पट्टिपोला हे या मार्गावरचे सर्वांत उंच स्टेशन, सुमारे १९०० मीटर. काश्मीर खोऱ्यातल्या आपल्या ब्रॉडगेजपेक्षाही हे उंच! त्यापुढे एल्लाजवळ नऊ कमानींचा पूल येतो. १९२१ सालचा, दगड-विटांचा, लोखंडी गर्डर नसलेला. पाहायला तरुण मुलामुलींची एवढी गर्दी की पी.वे.वाल्याचा जीव खालीवर होतो. सगळे रुळावर बसून फोटो काढतात!

पण मी थक्क झालो ते देमोदराला. तिथे रेल्वेमार्ग डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच स्टेशनाखालच्या बोगद्यातून बाहेर पडतो. उंचीचा फरक कसा काढावा हे इंजिनियरला सुचत नव्हते, तेव्हा मळ्यातल्या एका मुकादमाला फेटा सोडून पुन्हा गुंडाळताना पाहिले आणि युक्ती सुचली, अशी तिथली आख्यायिका. खरी असेल नसेल, पण गँगमधला मुकादम इंजिनियरला शिकवतो ही गोष्ट मला तरी अशक्य वाटत नाही.

एक सूचना करून ठेवतो. आम्ही पाहिला तो मार्ग नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' चक्रीवादळात ठिकठिकाणी दरडी कोसळून फार जखमी झाला. त्याच वादळाच्या पावसाने आपलेही रस्ते तुंबले होते, आठवत असेल. तेव्हा जाण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत जाते याची चौकशी करून मगच बेत आखा.

आता खाण्याचे. हाल अजिबात झाले नाहीत. गाडीतच 'वडे, वडे' अशी आरोळी येते. डाळीचा वडा, त्यावर अख्खी कोळंबी बसवलेली, तोच 'इस्सो वडे'. बांधून देतात शाळेच्या जुन्या वह्यांच्या कागदात. आमच्या पुडीवर कोणा मुलाची गणिते होती. अक्षरे कळेनात पण आकडे आपलेच, म्हणून कन्येने वडा खाता खाता ती तपासली. दोन चुकली होती.

आप्पम आणि इडियाप्पम इथे राहणाऱ्यांना नवीन नाहीत. तिथे आप्पमच्या मधोमध अंडे फोडतात आणि बरोबर 'पोल सांबोल' देतात, म्हणजे ओले खोबरे, लाल मिरची, कांदा, लिंबू. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून खावे. सांबोलमध्ये सुकवलेल्या माशाचा चुरा पुष्कळदा असतो आणि त्याला ते मासा मानतच नाहीत! गोडात म्हशीच्या दुधाचे मडक्यातले दही आणि त्यावर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. कोकणातल्या मंडळींनी या झाडाची काकवी कधी करून पाहिली आहे का, मला कळवा.

संध्याकाळी कोलंबोत गॉल फेस ग्रीनवर जावे. समुद्राकाठचे लांबलचक मैदान, १८५९ पासूनचे. मुले पतंग उडवतात, ओळीने गाड्या लागतात. 'कोत्तू' तिथेच खावा. तव्यावर रोटी, भाजी, अंडे घालून दोन लोखंडी पात्यांनी खटाखट चिरतात. आवाज लांबून ऐकू येतो. लोकांना त्यात पावभाजीचा तवा ऐकू येईल, मला आमच्या गँगचे बीटर पॅकिंग ऐकू आले. अगदी तोच ठेका! याच मैदानावर २०२२ साली हजारो लोक महिनोन्महिने ठाण मांडून बसले होते. देशात पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधे नाहीत. शेवटी राष्ट्राध्यक्षांना देश सोडून जावे लागले. वडेवाला सांगत होता, त्या वर्षी तो लाकडे जाळून वडे तळत असे.

कॅन्डीला बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर आहे. पूजेच्या वेळी ढोल वाजतात तेव्हा छातीत घुमते. आपल्याला जवळची गोष्ट अशी की कॅन्डीचा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याला १८१५ साली इंग्रजांनी पकडून वेल्लोरच्या किल्ल्यात आणून ठेवले. १८३२ साली तो तिथेच वारला. वेल्लोरला आपण इस्पितळासाठी इतक्यांदा जातो, त्याची समाधी कोणी पाहिली आहे का? आणि हो, आपले बाप्पाही तिथे आहेत. तामिळ लोकांचे पिळ्ळैयार तर आहेतच, पण सिंहली बौद्धही त्यांना 'गण देवियो' म्हणून पूजतात.

शेवटचे सांगतो. कोलंबोहून गॉलला जाणारी गाडी अगदी समुद्राकाठाने जाते. लाटांचे तुषार खिडकीत येतात. या मार्गावर हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया गाव आहे. आम्ही तिथे मुद्दाम गेलो. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्सुनामीची पहिली लाट आली आणि कोलंबोहून मातराकडे निघालेली गाडी इथे थांबली. रूळ समुद्रापासून सुमारे दोनशे मीटरवर. गावातल्या लोकांना वाटले, एवढी जड गाडी, हीच आसऱ्याला बरी. आयांनी मुले डब्यात चढवली, काही टपावर चढले, काही गाडीच्या आडोशाला उभे राहिले. काही मिनिटांत दुसरी, कितीतरी मोठी लाट आली. सतराशेच्या आसपास माणसे गेली असे मानतात. जगातल्या रेल्वेच्या इतिहासात याहून मोठा अपघात नाही.

कंट्रोलने गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता. अंबलंगोडाला फोन केला, पण स्टेशनवरची माणसे त्याच गाडीच्या कामात गुंतली होती. फोन उचलला गेला तेव्हा गाडी निघून गेली होती. इथे बसलेल्या ऑपरेटिंगच्या मंडळींना मी याहून काही सांगायला नको.

रूळ दोरीसारखे पिळवटले गेले होते, त्याची छायाचित्रे तिथे पाहिली. तरी फेब्रुवारी २००५ मध्ये मार्ग पुन्हा सुरू झाला. दोन महिन्यांच्या आत, घरची माणसे गमावलेल्या लोकांनी तो बांधला. गाडीचे इंजिन ५९१ क्रमांकाचे, कॅनडाने दिलेले, नाव 'मॅनिटोबा'. तेही दुरुस्त करून पुन्हा चालवले.

धनुष्कोडीची गोष्ट इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून निघालेली पॅसेंजर वादळाच्या लाटेत गेली, शंभरावर माणसे घेऊन. स्टेशन गेले, बोट मेलही त्या वाटेने पुन्हा गेली नाही. पेरालियाची गाडी गेली त्याला धनुष्कोडीनंतर चाळीस वर्षे आणि चार दिवस झाले होते. एकच समुद्र, त्याच्या दोन्ही काठांवर आपलीच माणसे.

स्मारकापाशी सौ.ने फुले ठेवली. तेवढ्यात अपची गाडी आली, भरलेली, दारांत पोरे लोंबकळत होती. मी सवयीने दोन पावले मागे सरकून हात वर केला. इंजिनातल्या ड्रायव्हरनेही हात केला.

जेवण तयार असल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थांबतो. फोटो कन्येकडे आहेत, ज्यांना हवे असतील त्यांनी तिला सांगावे.