वेशीच्या आतलं शहर

वेस गावाला असते. पण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात प्रत्येक शहराला कायद्यानं वेस आखावी लागते. त्यासाठी खटपट केली ती हेक्टर मॅकफर्सन या गाई पाळणाऱ्या शेतकऱ्यानं. राज्याच्या सिनेटमध्ये ते निवडून गेले होते. विलामेट खोऱ्यातली कसदार रानं एकेक करून प्लॉटखाली जाताना त्यांना दिसत होती. गव्हर्नर टॉम मॅकॉल पाठीशी राहिले आणि १९७३ मध्ये सिनेट बिल १०० मंजूर झालं. वेशीच्या आत २० वर्षांच्या वाढीला पुरेल एवढी जागा, बाहेर शेती आणि जंगल. आपल्या भाषेत सांगायचं, तर वेशीबाहेर सहजासहजी ‘एनए’ नाही!

पण कायद्याची राखण कोण करणार? १९७५ मध्ये ‘वन थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगन’ ही संस्था निघाली. नियम मोडला, की तिचे वकील दाद मागायला हजर.

वेशीमुळे घरं महागतात, ही तक्रार जुनी आहे आणि अगदीच खोटी नव्हे. म्हणून २०१९ मध्ये आणखी एक कायदा आला. १०,००० वर वस्तीच्या शहरांत, जिथे प्लॉटवर एकच घर चालायचं, तिथे आता जोडघरही बांधता येतं. त्याच्यासाठीही याच संस्थेनं जोर लावला होता.